पाठीमागचे हात

"पुष्पाताई, सलाईन तुम्हीच लावा ना. माझ्याने नाही होणार," वैभवी कुजबुजली.

पुष्पलताने ऐकून न ऐकल्यासारखं केलं आणि दोन्ही हात पाठीमागे बांधले. नव्या नर्सला शिकवताना असंच उभं राहायची तिची खोडच होती. पालघरच्या त्या छोट्या दवाखान्यात सगळ्यांना ती ठाऊक होती. काल दोन पेशंटांना सुई लावताना वैभवीला शीर सापडलीच नाही. पोरगी रात्रभर रडली आणि नोकरी सोडून संगमनेरला परत जायचं म्हणून आज बॅग भरूनच ड्युटीवर आली. "एवढी एक सुई लाव, मग खुशाल जा," असं पुष्पलताने तिच्याकडून कबूल करून घेतलं होतं. पेशंटच्या उशाशी इतक्या मायेने बसणारी पोरगी तिला गमवायची नव्हती.

समोरच्या खाटेवर एडवण गावच्या मासेवाल्या साखरबाई होत्या. पहाटेपासून बर्फातली मासळी निवडता निवडता उलट्या सुरू झाल्या, चक्कर आली, तशाच उचलून आणलेल्या. अंगात त्राण नव्हतं, पण तोंड शाबूत होतं.

"टोच गो बाय! माशांचं काटं टोचून आमचं हात पार निबर झालंय."

वैभवीने दंडाला पट्टा आवळला, हात चाचपला. शीर काही दिसेना. घाबरून तिने तशीच सुई उचलली. पुष्पलताचे हात शिवशिवले.

"सुई राहू दे. आधी त्यांचा हात हातात घे. काय जाणवतं?"

"गार आहे. बर्फासारखा..." वैभवी थबकली. "ताई, शीर आखडली असेल. शेकूया का?"

"मला काय विचारतेस? पेशंट तुझा आहे."

पट्टा सोडून, कोमट टॉवेलात हात गुंडाळून वैभवी बसून राहिली. ताजा सरंगा मासा कसा पारखायचा ते साखरबाईंनी तिला सांगितलं. पोरगी चक्क हसली. मग पुन्हा पट्टा आवळला तर शीर टरारून वर आलेली! सुई अलगद आत गेली, सलाईनचे थेंब पडू लागले.

"दुखलं का हो?"

"म्हंजे? टोचलंस कदी?"

पुष्पलताला तिथल्या तिथे नाचावंसं वाटलं.

"ताई," वैभवीने डोळे पुसत विचारलं, "उद्या माझी ड्युटी कधीची?"

"सकाळची. आणि ती बॅग खोलीवर ठेवून ये."

"आन तू गो," साखरबाई पुष्पलताकडे वळल्या, "मगापासून हात लपवून काय उभी हायस?"

पुष्पलताने हात पुढे आणले. डाव्या मनगटावर तिचीच पाचही बोटं लालभडक उमटली होती.