अकरा एकांची बाकी

मित्रांनो, मी एक जुने हिशेबयंत्र आहे. लोखंडी अंग, पोटात दातेरी चाके आणि उजव्या कुशीला मूठ. मूठ पुढे फिरवली की बेरीज, मागे फिरवली की वजाबाकी. भागाकारात एखादी वजाबाकी जास्त झाली की माझी घंटा वाजे.

माझी उमेदीची वर्षे एका विमा कचेरीत गेली. "हे कधी चुकत नाही," म्हणून साहेब माझ्या पाठीवर थाप मारत. पुढे संगणक आले आणि माझी रवानगी कपाटावर झाली. मला जन्मभर फिरवणारे एक कारकून निवृत्त होताना मला घरी घेऊन आले. "भंगारात कशाला? आम्ही दोघं एकाच वयाचे," ते म्हणाले.

घरात माणसे दोनच, हे कारकून, म्हणजे सासरे, आणि त्यांची सून. सासूबाई वारल्या होत्या, मुलगा दूर जहाजावर. "पान वाढलंय" यापलीकडे दोघांत बोलणे नसे. खिडकीशी बसून मीही ती शांतता ऐकत असे.

एका दुपारी सासऱ्यांनी माझ्यात ओळीने अकरा एके मांडले. अकरा अब्ज, अकरा कोटी, अकरा लाख, अकरा हजार, एकशे अकरा!

"सगळे एकेकटेच की," सून जाता जाता म्हणाली.

"म्हणून तर बघतोय, हिला कोणी निःशेष भागतं का. दोन, तीन, पाच तर नाहीतच. बावीसच्या पाढ्यात एक मिळवून येणाऱ्या मूळ संख्याच तपासायच्या, बाकीच्यांचं इथं काही चालत नाही."

सून टेकली. "तेवीस," ती म्हणाली. मूठ फिरली, घंटा वाजली, बाकी उरली. "सदुसष्ट. एकोणनव्वद." पुन्हा बाकी.

मग रोज दुपारी हेच. मूठ थांबली की सून नवऱ्याबद्दल विचारी, "बाबा, हे लहानपणीही असेच घुमे होते का हो?" सासरे हसत. एरवी त्यांना हसताना मी पाहिले नव्हते.

एकदा ते दमून म्हणाले, "तुझ्या त्या फोनमध्ये याचं उत्तर असेल ना गं?"

तिने ते पहिल्याच दिवशी पाहिले होते. फोन माझ्या शेजारीच होता, म्हणून मला ठाऊक.

"असेल की. पण आपल्याला कुठे गाडी गाठायचीय? फिरवा, पुढची सांगते."

कित्येक महिन्यांनी एकवीस हजार सहाशे एकोणपन्नासची पाळी आली. मूठ थांबली, आणि बाकी दाखवणाऱ्या माझ्या सगळ्या चौकटींत शून्य!

"सूनबाई, भागली गं!" सासरे ओरडलेच. "दुसरी पाच लाख तेरा हजार दोनशे एकोणचाळीस. या दोघींचाच गुणाकार. तिसरं कुणी नाही."

"दोघं पुरेत की, बाबा."

त्यानंतर सासरे फार दिवस राहिले नाहीत. सून मला पुसते, पण मूठ फिरवत नाही. चाकांतले तेल आटले आहे. दुपारी ती समोर बसते आणि आम्ही दोघे गप्प असतो.

मित्रांनो, यंत्राला थेंबभर तेल पुरते. माणसांसाठी मात्र एवढे करा: उत्तर ठाऊक असले, तरी घरातले कुणी ते शोधत असेल, तर शेजारी जाऊन बसा, आणि घाई करू नका.