काढण्याआधी अभिमनला विचारावे

"नाना, ही एकसष्ट टेम्प्लेट तीन महिन्यांत एकदाही चाललेली नाहीत." साक्षीने यादी टेबलावर ठेवली.

अभिमननानांनी यादीकडे नाही, तिच्या पर्सकडे पाहिलं. दुसरी प्रत तिथे असणार, आणि ती लॅबच्या मालकांकडे, जीवन डॉक्टरांकडे जाणार.

धुळ्यातल्या या लॅबमध्ये यंत्रातून निघालेले आकडे छापील रिपोर्टात बसवणारी एक्सएसएलटीची फाइल नाना चौदा वर्षं सांभाळत होते. सांभाळत म्हणजे वाढवत. नऊ हजार ओळी. दर तपासणीला एक तुकडा, म्हणजे टेम्प्लेट. नव्याची भर पडे, जुनं कधी जात नसे. जागोजागी टीप: 'काढण्याआधी अभिमनला विचारावे.' नाना मुद्दाम गुंता करून ठेवतात, असा डॉक्टरांना संशय. तो अगदीच खोटा नव्हता. म्हणून तर चाळीसगावहून रोज रेल्वेने येणारी साक्षी नेमली. तेव्हापासून नाना डबासुद्धा स्क्रीनसमोर बसूनच खात.

"काढा ना, साक्षीताई. तुम्ही इंजिनिअर, आम्ही आपले आयटीआयवाले."

"कोणतं ठेवायचं ते तुम्ही सांगा."

"सांगितलं की माझं काम संपलं. नाही का?"

ती 'नाही' म्हणाली नाही. काढायला बसली.

नानांनी डबा उघडला. चुकू दे एकदा, डॉक्टर धावत आपल्याकडेच येतील. पहिली आठ गेली. नववं सिकलसेलचं, त्या रक्ताच्या आजाराच्या तपासणीचं होतं. नानांचा घास हातातच राहिला.

"थांब, पोरी."

"हे? हे तर कोणी वापरतच नाही."

"तीन महिने कोणते घेतले तू? पावसाळ्याचे. सातपुड्याकडलं शिबिर फेब्रुवारीमा शे."

साक्षीने ते टेम्प्लेट बाजूला काढून मागच्या शिबिराची फाइल चालवून पाहिली. तपासणीचं नाव छापलं गेलं, पुढची चौकट कोरी. एकशे चाळीस रिपोर्ट, सगळ्यांवर कोरी.

"कोरं म्हणजे आजार नाही, असं समजतात लोक," नाना म्हणाले. "शिबिराच्या पहिल्या वर्षी हा तुकडा नव्हता. दिवल्या म्हणून एक जण कोरा कागद घेऊन हसत घरी गेला. पुढल्या वर्षी त्याची बायको आली. एकटीच. तोच कागद, घडी घातलेला."

साक्षीने टेम्प्लेट परत जागेवर ठेवलं. मग विचारलं, "आठ जाईपर्यंत गप्प का होता, नाना?"

नानांनी डब्याचं झाकण लावलं.

"आणि उरलेली बावन्न?"

"बठ्ठी, सगळीच्या सगळी, मेलेली शेतस. ती आठपण. सरक जरा, मी काढतो."

संध्याकाळपर्यंत त्यांनी एकेक करून बावन्न पुसली. प्रत्येकावर त्यांच्याच हाताची तारीख होती. मग ते नवव्यापाशी आले. टिपेच्या सुरुवातीला लिहिलं, 'वर्षातून एकदाच चालते.' पुढची जुनी ओळ वाचली. त्यातलं स्वतःचं नाव खोडलं आणि एका बोटाने, सावकाश, 'साक्षीला' असं टाइप केलं.