अंगणातला गळका रांजण

मी मोग्व्याचे झाड बोलतोय. माझी फळे इतकी ओबडधोबड, की 'फळबाजाराची अब्रू मोग्व्याने घालवली' अशी म्हण आमच्या कोरियात रूढ आहे. तरीही माझी निवड झाली, हे आरंभीच नम्रपणे नमूद करतो.

वसंतातल्या रोपांच्या बाजारात सुन-दोक आजी आणि पिल-गु आजोबा आले, तेव्हा मी कमरेएवढा होतो. आजोबांनी चाळीस वर्षे किमचीचे, म्हणजे आंबवलेल्या कोबीच्या लोणच्याचे, रांजण घडवलेले. अंगणातली चिकणमाती रांजणांना मानवली, झाडांना मात्र नाही. एक जर्दाळू आणि एक चेरी तिथेच मुळे कुजून गेली होती.

"हे तिसरं," आजी म्हणाली. "हेही मेलं, तर अंगणभर सिमेंट. पोतं आणून ठेवलंय मी."

"चिकट मातीत हाच तग धरेल. फार वाढणारही नाही," रोपवाली माझ्याकडे बोट दाखवून म्हणाली.

"रूप बघा याचं!" आजोबा कुरकुरले.

"रूपावर गेले असते, तर तुमच्याशी लग्न केलं असतं का?"

मी टेम्पोत चढलो.

आजोबांनी खड्डा खणला आणि जन्माच्या सवयीने ओल्या तळव्यांनी त्याच्या भिंती चोपून गुळगुळीत केल्या. आजीला शंका आली. तिने मला बाजूला ठेवून खड्ड्यात बादलीभर पाणी ओतले. दुसऱ्या सकाळी पाणी जसेच्या तसे!

"अहो, हा खड्डा नाही, रांजण घडवलात तुम्ही! आधीची दोन्ही झाडं अशीच बुडवलीत."

आजोबांचे एकही भांडे आजवर गळले नव्हते. तरी त्यांनी कुदळ उचलली, भिंती ओबडधोबड उकरल्या, तळ फोडला आणि मला वीतभर उंचवट्यावर लावले. त्या पावसाळ्यात ते रोज माझ्या बुंध्याशी बोट खुपसून ओल तपासत. आजी खिडकीतून विचारी, "सिमेंट कालवू का?"

यंदा मला सातवे वर्ष. सिमेंटचे पोते केव्हाच दगड झाले आहे. आजी त्यावर बसून माझी फळे चिरते, चहासाठी साखरेत मुरवते. एक फळ मात्र आजोबांच्या उशाशी असते. खोली दरवळत राहते.

चिकणमातीत झाड लावू इच्छिणाऱ्यांनो, झाड निवडाल ते निवडा; पण आधी खड्ड्यात बादलीभर पाणी ओतून पाहा, एवढीच विनंती. खात्री हवी असल्यास आजोबांना विचारा. ते माझ्या खोडावर थाप मारून सांगतील, "जन्मात एकच रांजण फोडला, आणि तोच खरा जमला."