न विंचरलेले केस

मध काढायला जंगलात निघालेल्या नावेत चढण्याआधी सुबल मृधा बांधावर मिनतीपाशी थांबला. परत आलो तर माझ्या घरी नांदायला येशील का, एवढंच त्यानं विचारलं. तिनं नुसता पदर डोक्यावर ओढून घेतला. हो म्हटलं असतं तर त्याच क्षणी तो तिचा झाला असता, आणि तिचं माणूस पुन्हा जंगलात गेलं असतं.

पाच वर्षांपूर्वी, अशाच चैत्रात, तिचा नवरा खोकन मधाला गेला होता. नवरा जंगलात असेतो बाईनं दिवसा चूल पेटवायची नाही, केसांना तेल-फणी लावायची नाही. पण लेक तापानं फणफणली, म्हणून मिनतीनं भरदुपारी पेजेपुरता जाळ केला. त्याच दुपारी मामांनी खोकनला नेलं. वाघाचं नाव तिथं कुणी घेत नाही, मामाच म्हणतात. सासू, निस्तारिणी, तिला एका शब्दानं बोलली नाही. दुपार झाली की तिची नजर तेवढी चुलीकडे जाई.

सुबल गेला त्या सकाळी मिनतीनं फणी उचलली. विंचरावं तर त्याचं काय होईल? न विंचरावं तर गाव काय म्हणेल? तिनं फणी फळीवर ठेवून दिली. पहाटेच रांधायची, दिवसभर चूल गार. खारफुटीतून वारा सुटला की ती बांधावर जाऊन बघायची. पदराआड केसांच्या जटा झाल्या.

नवव्या दिवशी सासूनं विचारलंच, "सूनबाई, चूल कुणासाठी गार ठेवतेस?"

म्हातारी राख उकरत बसली. मग उरल्या भातात तिनं स्वतःच पाणी ओतलं, उद्या चूल न पेटवता तिघींना खाता येईल असं.

"त्या दुपारी पोरीला पेज कर, असं मीच म्हणाले होते," ती म्हणाली. "तू कुणाला सांगितलं नाहीस."

चौदाव्या दिवशी नाव दिसली. गेले होते सात. लांबून डोकी सहाच. मिनती चिखलातून धावली, पदर घसरला, जटा साऱ्या घाटानं पाहिल्या. तिला त्याचं भान नव्हतं. ती पुन्हा पुन्हा मोजत होती. सहाच.

सातवा नावेच्या तळाशी पडला होता. मधमाश्या डसून सुजलेला, एकच डोळा उघडा. त्या डोळ्यानं सुबल तिच्या केसांकडे बघत राहिला.

"फणी हरवली काय गं?" तो पुटपुटला.

मिनती तिथंच चिखलात बसली.

"फणी घरी आहे," मागून निस्तारिणी म्हणाली. "आधी त्याला उतरवा."