रामजन्माची वेळ सांगणारे मौलवी

या बाप्पा, असे जवळ सरकून बसा. मागच्यांनीही पुढं यावं. देवाच्या दारात मधली जागा रिकामी बरी दिसत नाही. आज एका मौलवीची गोष्ट सांगायची आहे, आणि ती ऐकून तुमच्या तोंडून रामाचं नाव आपसूक निघेल, एवढं वचन देतो.

काळ तो कापसाचा. सातासमुद्रापलीकडे कुठं लढाई जुंपली आणि वऱ्हाडच्या कापसाला सोन्याचा भाव आला. अकोल्याच्या जुन्या शहरात गाड्यांना वाट मिळेना. खुशालराव पाटलांनी तर बैलांच्या शिंगांना चांदी मढवली. वाऱ्यानं कापूस उडायचा आणि मशिदीच्या चटईवर, राममंदिराच्या पायरीवर सारखाच येऊन बसायचा.

त्या मशिदी-मंदिरामधल्या गल्लीत मौलवी नजमुद्दीन मुलांना शिकवीत. माणूस मूळचा रोहिलखंडातला. तिकडे त्यांचा मदरसा होता, अंगणात मोठा कडुनिंब होता. सत्तावन्न साली जुम्म्याच्या नमाजानंतर उभं राहून त्यांनी सांगितलं, "फिरंग्याच्या जुलमापुढे मान तुकवणं हा धर्म नव्हे. उठा." विद्यार्थी उठले. ज्यांच्या बोटांत त्यांनी बोरू धरवला होता, त्यांनी तलवारी धरल्या. शहर पडायच्या आधी त्याच पोरांनी हात जोडले, "उस्ताद, तुम्ही निघा. विद्या तरी वाचू द्या." ते निघाले. मागं राहिलेलं कोणी पुन्हा भेटलं नाही. इकडे अकोल्यात धडा देता देता एखाद्या पोराच्या हसण्यात त्यांना तिकडचं कोणी दिसे. मग "पढो बेटा" म्हणून ते तोंड फिरवत.

हे सारं दोघांनाच ठाऊक होतं. एक खुशालराव पाटील, आणि दुसरे राममंदिरात कीर्तन करणारे भगवंतबुवा.

बुवांची नि त्यांची दोस्ती भांडणातून झाली. मौलवी नवे आले त्या वर्षीच्या रामनवमीला ते दारात उभे राहून म्हणाले, "बुवा, आज तुमचे रामजी घाईनं आले. सूर्य अजून डोक्यावर नव्हता."

बुवा तापले. "तुमाले काय समजते त्यातलं? आमचं घटिकापात्र हाय."

"घटिकापात्राचं भोक झिजून मोठं झालंय, पाणी लवकर भरतं. आणि ज्याला पाच वेळा अल्लासमोर उभं राहायचं, त्याला सावली नाही समजणार तर कोणाला?"

बुवांनी पात्र उन्हात धरून पाहिलं. भोक खरंच रुंदावलं होतं! तेव्हापासून रिवाज पडला. मौलवी आपल्या ओट्यावर खुंटी रोवून सावलीवर नजर ठेवत. मध्यान्ह झाली की पांढरा रुमाल हलवत. समोर मंडपात कीर्तनाला उभ्या बुवांना तो दिसे, आणि रामजन्म होई. मग मौलवी आपल्या नमाजाला जात.

तर कापसाच्या तेजीच्या त्या साली खरेदीला उत्तरेकडचा एक दलाल आला, त्यानं मौलवींना ओळखलं आणि सरकारात वर्दी दिली. रामनवमीच्या सकाळी खुशालराव धापा टाकत मदरशात शिरले.

"मौलवीसाहेब, उठा. अमरावतीहून शेषराव जमादार आला दोन शिपाई घेऊन. तुमच्यासाठीच आला."

"कुठे आहे?"

"मंदिरात बसला. उपाशी हाय, मोठा रामभक्त! म्हणते, राम जन्मल्याबिगर कोणाच्या दारात पाय नाही टाकत. बुवानं निरोप धाडला, 'आता निघून जा, म्या आख्यान लांबवतो.' मोर्णा नदीपल्याड माही कापसाची गाडी उभी हाय."

मौलवींनी मुलांना घरी पाठवलं, पाट्या धुऊन भिंतीशी लावल्या, कुराणशरीफ बासनात बांधलं. ओट्यावर आले. सावली आखडत चालली होती, पण वेळ व्हायची होती.

"काहून थांबले?" खुशालराव कासावीस झाले.

"पाटील, एकदा मी वेळेआधी निघालो होतो," मौलवी म्हणाले. "अजून तिथून बाहेर पडलो नाही."

ते खुंटीपाशी बसले. समोर बुवांचा आवाज चढत होता. कौसल्येचे डोहाळे झाले, पुन्हा झाले. एकदा वनात जावंसं वाटलं, एकदा धनुष्य उचलावंसं. तिसऱ्यांदा डोहाळे सुरू झाले तेव्हा मौलवींना हसू आलं आणि डोळेही भरले. आपला मित्र आपल्यासाठी रामाला उशीर करतोय. साऱ्या जन्माची पुण्याई गहाण टाकतोय.

सावली खुंटीच्या मुळाशी आली, थबकली, आणि केसभर पलीकडे झुकली.

मौलवी उभे राहिले. त्यांनी रुमाल हलवला.

बुवांचा शब्द ओठांतच अडखळला. पण मंडपातल्या माना वळल्या होत्या, साऱ्यांनी रुमाल पाहिला होता. "राजा रामचंद्र की जय!" गुलाल उधळला, फुलं पडली, आणि त्या लाल धुरळ्यात शेषराव जमादार उठायला लागला. बुवांनी पुढं होऊन पाळण्याची दोरी त्याच्या हातात दिली.

"पाहुण्याचा मान हाय, जमादारसाहेब. पाळणा गाऊन होईस्तोवर दोरी सोडाची नाही."

जमादारानं दोरी घेतली. मौलवी नदीकडे उतरले.

बायकांनी पाळणा धरला. पुढं गोदाबाई होती, फुलं-भाजी विकणारी. तिला कोणी काही सांगितलं नव्हतं. पण बुवांचा चेहरा तिनं पाहिला होता, रिकामा ओटाही पाहिला होता. नेहमीची कडवी संपली, तरी गोदाबाई थांबेना.

"जाईची माळ आणा, जो जो रे रामा,
शेवंती वेचून आणा, जो जो रे रामा."

फुलं संपली, तेव्हा टोपलीतली भाजी निघाली. शेजारची माणिकबाई पुटपुटली, "वो गोदे, तान्ह्या रामाले अंबाडी काहून चारून राहिली?"

"गप. मांगून म्हण!"

आवाज बसला, घोगरा झाला. कडवं सुचेना म्हणून ती श्वासभर थांबली. जमादाराच्या हातात दोरी तशीच होती. त्यानं समोरच्या रिकाम्या ओट्याकडे पाहिलं, बुवांच्या चेहऱ्याकडे पाहिलं, मग खाली मान घालून म्हणाला, "बाई, अजून येत असन तर म्हना. राम निजला नाही अजून."

गोदाबाईनं पुन्हा सुरू केलं.

मोर्णेच्या कोरड्या पात्रातून चालताना मौलवींना तो आवाज येत होता. पलीकडच्या काठावर चढेपर्यंत येत होता. इतका लांब पाळणा कधीच नसतो, हे त्यांना ठाऊक होतं. कापसाची गाडी पातूरच्या वाटेला लागली.

घाटापलीकडच्या एका खेड्यात त्यांनी पुन्हा मुलं गोळा केली आणि म्हातारे होईपर्यंत शिकवलं. हात पसरून दुवा मागताना ते रोहिलखंडातल्या पोरांची नावं एकेक करून घेत. बुवांचं घेत, पाटलांचं घेत. शेवटी एक नाव मात्र त्यांना घेता येत नसे. ते म्हणत, "आणि या अल्ला, ती गाणारी बहीण, तिलाही सुखात ठेव." कोण गात होतं, हे त्यांना कधी कळलंच नाही.

आपल्याला कळलं आहे, बाप्पा. गोदाबाई तिचं नाव. आज घरी जाऊन देवापुढं हात जोडाल, तेव्हा मौलवींच्या वतीनं तेवढं नाव घ्या.