बटण बंद आहे

शरयूने तिसऱ्यांदा कुलूप उघडलं, चपला उंबऱ्याशी काढल्या आणि सरळ स्वयंपाकघरात जाऊन गॅसच्या बटणावर बोट ठेवलं. बंद होतं. तिने मोबाइल काढून त्याचा फोटो घेतला, जरा मागे सरून आणखी एक घेतला. खाली दौलतगंजच्या गल्लीत ऑटोवाला हॉर्नवर हात ठेवून बसला होता.

"दीदी, चलना है कि नहीं?"

"आ रही हूँ, भैया."

तीळ-गुळाची गजक कुटणाऱ्यांच्या दुकानांवरून ऑटो पुढे गेला तेव्हा तिने फोटो उघडून पाहिला. बंद. मग पुन्हा पाहिला. थंडी कडाक्याची होती, तरी तिच्या तळव्यांना घाम सुटला होता. उपचार सुरू होऊन तीन महिने झाले आणि कुलूप अजून तिसऱ्यांदा उघडत होतं. आपलं काही व्हायचं नाही, असं तिला अगदी शांतपणे वाटलं.

बेचाळीस वर्षांची शरयू मुलींच्या कॉलेजात ग्रंथपाल होती. उशिरा येण्याबद्दल कॉलेजने दोनदा लेखी खुलासा मागितला होता. तिसऱ्यांदा मागणार नाहीत, सरळ घरी बसवतील, हे तिला ठाऊक होतं. आणि घरी बसायचं म्हणजे दिवसभर त्या बटणासमोर बसायचं.

उपचारांचा हा मार्ग तिला सुखासुखी सापडला नव्हता. छातीत धडधड सुरू झाली तेव्हा हृदयाच्या डॉक्टरांनी ईसीजीची पट्टी काढून, दिल एकदम बढिया आहे म्हणून पाठीवर थाप मारली. वैद्यांनी पित्ताचं चूर्ण दिलं. शांताताईंनी, म्हणजे तिच्या आईने, मीठ-मोहऱ्या ओवाळून दृष्ट काढली. आग रामेश्वरी आणि बंब सोमेश्वरी! मनाच्या डॉक्टरचं नाव काढलं की मावसभाऊ यशोधन कानांवर हात ठेवी.

"ताई, आपल्यात कुणी जातं का तिकडे? मंडळात समजलं तर? लोग बातें बनाएँगे."

त्याचंही खोटं नव्हतं. ग्वाल्हेरातली मराठी घरं मोजकी, एकाला शिंक आली की दुसऱ्याच्या घरी सुंठ उगाळायला घेतात. आई गेल्यावर सहा महिन्यांनी कॉलेजातल्या एका बाईंनी गुपचूप चिठ्ठीवर नंबर लिहून दिला, तेव्हा कुठे शहराच्या कंपू भागात एका पॅथॉलॉजीच्या वरच्या मजल्यावर सोनिका मॅडम सापडल्या. त्या मूळच्या भोपाळच्या, मराठी मंडळाशी त्यांचा काडीचा संबंध नाही. शरयूला त्यातच हायसं वाटलं.

मॅडमनी गोळ्यांसाठी तिला एका डॉक्टरांकडे पाठवलं आणि स्वतः दर गुरुवारी पाऊण तास द्यायला सुरुवात केली. फोटो मोजायला लावले. अठराशे चाळीस भरले.

"जब तक ये हैं, डर को रोज़ खाना मिलता रहेगा," मॅडम म्हणाल्या होत्या. "धीरे धीरे सब मिटाने हैं."

निम्म्याहून अधिक फोटोंत आईचा हात होता. सुरकुतलेला, झिजलेल्या पाटलीचा. रोज सकाळी शांताताई बटणावर बोट टेकवून उभ्या राहत, लेकीने फोटो काढेपर्यंत हलत नसत, आणि म्हणत, "बंद आहे गं बाई. ये आता जाऊन." त्यांनी एकदाही चेष्टा केली नाही की कंटाळल्या नाहीत. हे ऐकल्यावर मॅडम म्हणाल्या होत्या,

"माँ के हाथ वाला एक रख लीजिए. वो बीमारी नहीं है."

फाल्गुनात कंपूतल्याच एका हॉस्पिटलात शांताताई गेल्या. शरयू तेव्हा जवळ नव्हती. देवघरातला गंगेचा गडू हातात घेऊन ती धावत वॉर्डात शिरली, तर तोंडावर चादर ओढलेली. तेराव्याला मंडळातल्या जगदेवरावांनी चारचौघांत सांगितलं, "मुलगा नाही म्हणून काय बिघडलं? आईच्या मुखात गंगा पडावी म्हणून घरी धावली पोर. अशी लेक मिळायला भाग्य लागतं." बायकांनी पदर डोळ्यांना लावले. शरयू मान खाली घालून उभी राहिली. पुढे मंडळात कुणी कौतुकाने पाठीवरून हात फिरवला की ती काहीतरी निमित्त काढून तिथून उठे. गडू देवघरात परत गेला होता, झाकण बंद करणारा कथलाचा डाखही न फोडता.

कंपू आलं. जिना चढताना तिने सकाळचे दोन फोटो पुसून टाकले. बाकीचे ती गेले कित्येक दिवस दुपारी ग्रंथालयात, कपाटांच्या मागे उभी राहून पुसत होती. आईचे पुसताना एकदा तिला मोठ्याने रडू फुटलं होतं, आणि पुस्तक मागायला आलेली मुलगी घाबरून परत गेली होती.

"कितने बचे?" सोनिका मॅडमनी विचारलं.

"एक."

"सिर्फ़ एक?" मॅडमचा चेहरा उजळला. "शरयूजी, ये छोटी बात नहीं है. माँ वाला ना? दिखाएँगी?"

तीन महिन्यांत शरयूने मोबाइल कुणाच्या हातात दिला नव्हता. आज तिने तो टेबलावर ठेवला आणि हळूच पुढे सरकवला.

मॅडमनी फोटो मोठा करून पाहिला, मग बाजूला सरकवून पाहिला.

"इसमें तो हाथ नहीं है."

"हाथ वाले सब मिटा दिए."

"क्यों?"

"वो मेरे रखने के नहीं थे."

मॅडमनी फोटोखालची तारीख वाचली. चार मार्च. सकाळचे आठ वाजून बारा मिनिटं.

"ये तो वही दिन है."

"माँ सवा आठ को गईं." शरयूने ओढणीचं टोक बोटाला गुंडाळलं, सोडलं, पुन्हा गुंडाळलं. "सात बजे मेरा हाथ पकड़ के बोली थीं, कहीं जाना मत."

"लेकिन आप तो गंगाजल लेने..."

"वो तो घर से निकलते वक़्त दिख गया था. हाथ में कुछ तो ले जाना था."

खाली पॅथॉलॉजीत कुणाचं तरी नाव पुकारलं गेलं. पाऊण तास अजून संपला नव्हता, पण मॅडमनी भिंतीवरचं घड्याळ काढून टेबलावर पालथं ठेवलं. मग त्यांनी अगदी हलक्या आवाजात विचारलं, "उस दिन बटन खुला था?"

शरयूने मान हलवली. उत्तर आपण मराठीत देतोय, हे तिच्या ध्यानातही आलं नाही.

"नाही हो," ती म्हणाली. "बंदच होतं."