अण्णासोपेक्षा बोटभर उंच

हे तुम्ही खरं मानणार नाही. गेल्या बारा वर्षांत कुणी मानलेलं नाही, आणि सांगताना मी एक अक्षर इकडचं तिकडं केलेलं नाही.

संघप्रिया आली तेव्हा मी चिंचेखाली बाजल्यावर पडलो होतो. ही शेजारच्या गावची. गडहिंग्लजकडच्या एका डेअरीत दुधाचं फॅट काढायला होती. आता भावाबरोबर जुनी पिकअप घेतलीय. अण्णासो म्हातारा झाला, म्हणून त्याचं ओढ्यापलीकडच्या वाडीचं दूध आणायचं काम ही दोघं धरणार.

"अप्पा, गाडी खालनं घासतीया. कमी पैशात उचलून घ्यायची हाय. तुमी उचललीती म्हणं?"

"म्हणं कशाला? ही काय हुबी हाय."

माझी पिकअप चिंचेच्या पलीकडं उभी होती. चारही चाकांना ओढ असलेली, लिलावात घेतलेली. आता तिच्याखाली कोंबड्या अंडी घालतात. पुढचा बंपर तेवढा मधोमध चोचीसारखा पुढं आलाय. संघप्रियानं त्यावरून हात फिरवला.

"ह्येला काय झालं?"

"गवा. आजऱ्याच्या वाटंला धडाकला. गवा आडवा, गाडी हुबी."

ती पोतं अंथरून गाडीखाली शिरली. मला बरंच झालं. गाडीखाली गेलेलं माणूस गोष्ट अर्धी टाकून उठून जात नाही.

साल चौऱ्याण्णव. अण्णासो आमच्याच गल्लीतला. एकाच लिलावात दोघांनी सारख्याच गाड्या घेतल्या, रंगसुद्धा सारखा. तोवर आमचं झकास चाललं होतं. मग ह्या गड्यानं लांबून कुठून तरी चाकांवरच्या स्प्रिंगचे नवे पाटे मागवले आणि एका संध्याकाळी त्याची गाडी चार बोटं उंच होऊन गल्लीत शिरली. आमची बाळाबाई पदरानं हात पुसत दारात आली.

"कशी घोड्यागत हुबी ऱ्हातीया बगा!"

बावीस वर्षं संसार झाला होता. माझ्या कुठल्या वस्तूकडं तिनं असं बघितलेलं मला आठवेना.

मी जळलो वगैरे नाही. दोन दिवस जेवण गेलं नाही, एवढंच. त्याची गाडी दिसू नये म्हणून बाजलं घरामागच्या परड्यात नेलं. तिथं ती दिसेना म्हणून परत पुढं आणलं.

तिसऱ्या दिवशी आकाराम लोहाराकडं गेलो.

"मला पाच बोटं पायजेत."

"रस्ता कसला हाय तुमचा?"

"रस्त्याचं ऱ्हाऊ दे. अण्णासोची चार हायत."

आकारामनं भाता धरला तो धरलाच. नव्या पाट्यांची माझी ऐपत नव्हती, हे त्याला माहीत होतं. तो म्हणाला, तुमचे पाटे मेले नाहीत, नुसते बसलेत. सगळे सोडवले, लाल केले, ठोकून पुन्हा कमान आणली आणि जळक्या तेलात बुडवून पाणी दिलं. तिथंच दोन बोटं निघाली. मग उचगावच्या भंगारातनं ट्रकचा पाटा आणला, कापून प्रत्येक जुडग्यात एकेक वाढीव घातला. आणखी दोन. पाचव्या बोटासाठी मागच्या आसाच्या हौसिंगवर, पाट्याच्या खाली, लोखंडी ठोकळा बसवला आणि यू-बोल्ट लांब घेतले.

"पुढंबी ठोकळाच घाल की," मी म्हणालो.

"पुढं न्हाय. बिरेक दाबल्यावर ठोकळा सटाकला, तर चाक एकीकडं आन् तुमी एकीकडं."

म्हणून पुढं शॅकल लांब केल्या. शॅकल म्हणजे पाट्याचं टोक चॅसीला टांगणारी कडी. ती दोन बोटं लांब केली की गाडी एकच बोट चढते.

"ह्ये मातर खरं हाय," गाडीखालून आवाज आला.

"बाकीचं खोटं हाय व्हय?"

"मी कुटं काय म्हनलो? सांगा फुडं."

पुढं काय सांगू? गाडीत चढायला दुधाचा कॅन पालथा घालावा लागे. आमचा बैल मान न वाकवता खालून पलीकडं जाई. एसटीचा ड्रायव्हर समोरासमोर बघून रामराम घाली. स्वतःचं अंगण मोकळं असून मी गाडी रोज अण्णासोच्या गाडीशेजारी लावू लागलो. त्यानं एकदा दोन्हींच्या मधे उभं राहून वर बघितलं आणि म्हणाला, "झ्याक झालीया, अप्पा! आकारामनं केलं व्हय?" मनापासून म्हणाला. त्या रात्रीही मला जेवण गेलं नाही. शिवी दिली असती तर दोन भाकरी जास्त खाल्ल्या असत्या.

आणि त्याच पावसाळ्यात डेअरीनं जाहीर केलं: ओढ्यापलीकडच्या वाडीचं दूध भर पाण्यात जो आणून दाखवील, त्याला कायमचं काम. दोघांनाही ते पाहिजे होतं. त्याला पोटासाठी पाहिजे होतं. मला पोटासाठी आणि त्याला मिळू नये म्हणून, असं दुहेरी पाहिजे होतं.

आषाढातली सकाळ. दोघांनी वाडीवर दहा-दहा कॅन भरले. ओढा तांबडा होऊन चाललेला. अण्णासो पुढं, मी मागं. मधोमध गेला आणि रुतला. चार बोटांचा तो! त्याच्या दारात पाणी, आणि मी पाच बोटांवर कोरडा. त्याला वळसा घालून पलीकडं गेलो. सरळ निघून गेलो असतो तर काम माझंच होतं. पण मन माझं मोठं. माझ्या मागच्या हुकाला दोर लावला, त्याच्या बंपरला बांधला, पहिला गिअर टाकला आणि गड्याला कॅनांसकट काठावर आणला. रडला बिचारा. "अप्पा, तुजी गाडी ती गाडी!" असं चारचौघांत म्हणाला.

"चारचौघं कोन हुती?"

"हुती की! मेली आता."

आता लोण्याचं ऐका. ट्रकचे पाटे ते, कडक. वाडीपासून डेअरीपर्यंत गाडी जमिनीवर कमी आणि हवेत जास्त. डेअरीत झाकण काढलं, तर दहाही कॅनांत वर लोण्याचा गोळा आणि खाली ताक. टेस्टर तोंडाकडं बघत राहिला. अध्यक्ष म्हणाले, अप्पा, काम तुमचंच, पण आम्हाला दूध पाहिजे. मीच म्हणालो, द्या अण्णासोला. पोराबाळांचा माणूस हाय. बारा वर्षं त्यानं ते काम केलं ते माझ्या शब्दावर. गल्लीत कुणी हे बोलत नाही. मीही बोलून दाखवत नाही.

संघप्रिया गाडीखालून निघाली. केसांत कोंबडीचं पीस. आधी मागं गेली, हुकापाशी वाकून बघितलं. मग पुढं येऊन त्या बंपरच्या चोचीवर दोन्ही हात ठेवून उभी राहिली. आतून बाळाबाईच्या भांड्यांचा आवाज थांबला.

"अप्पा, लोन्याचं मी मानतो."

"मानायलाच पायजे."

"बैलाचंबी मानतो. पन गवा धडाकला तर बंपर आत जातोय. ह्यो भाईर आलाय. आन् मागच्या हुकाचा रंग अजून लिलावातलाच हाय, दोराचा एक वरखडा न्हाय त्येला." तिनं चोचीवर थाप मारली. "ओढ्यात रुतल्याला तुमी हुता, अप्पा. अण्णासोंनी वडून काढलं तुमास्नी!"